यंत्रमानवाच्या युगासाठी कोणता विद्यार्थी?

(चंडीगड येथे भरलेल्या अभ्यासवर्गात महाराष्ट्र, गोवा व अन्य राज्यांतून आलेल्या मराठी भाषिक विद्यार्थी, शिक्षक व कामगार कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



ज्या शहरात आपण जमलो आहोत त्या शहरापासूनच आजच्या विषयाला सुरुवात करणे सोयीचे होईल. चंडीगडला येणाऱ्या पाहुण्याला ल कॉर्बुझिए याने आखलेले रस्ते आणि सेक्टर दाखविले जातात. ते अवश्य पाहावेत. परंतु फाळणीने लाहोर हिरावून घेतल्यानंतर पंजाबने या ठिकाणी राजधानीबरोबर विद्येचे एक नवे केंद्रही उभे केले, याकडे पाहुण्यांचे लक्ष सहसा जात नाही. लाहोरजवळ मोगलपुरा येथे १९२१ साली निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालय काही काळ रुरकीत आसरा घेऊन १९५३ साली येथे आले. शास्त्रीय व औद्योगिक उपकरणे देशातच घडावीत या हेतूने १९५९ साली दिल्लीत स्थापन झालेली केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना १९६२ साली येथे हलविण्यात आली, आणि १९६३ साली स्वित्झर्लंडच्या सहकार्याने तिच्याच छत्राखाली इंडो-स्विस ट्रेनिंग सेंटर सुरू झाले.

यंत्रमानव व कृत्रिम बुद्धिमत्ता यांनी घडविल्या जाणाऱ्या भवितव्यासाठी विद्यार्थ्याला कसे तयार करावे, हा आपला आजचा विषय आहे. माझे मत असे की, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग याच शहरात साठ वर्षांपूर्वी सापडला होता. देशाचे शासन आज त्याच्या नेमक्या उलट दिशेला चालले आहे.

ते उत्तर काय होते? उपकरणे बनविणारी संशोधन संस्था काढली की केवळ पदवीधर शास्त्रज्ञांवर तिचे भागत नाही, हे संस्थेच्या चालकांना लवकरच उमगले. आराखडा कागदावर कितीही अचूक असला तरी तो धातूत उतरविणारा हात लागतो, आणि त्या हाताला आराखडा वाचणारे डोकेही लागते. असा माणूस बाजारात तयार मिळत नव्हता. म्हणून प्रयोगशाळेनेच तो घडवावयाचे ठरविले. साचे व हत्यारे बनविणाऱ्याचे शिक्षण सर्वत्र व्हाइसवर आणि कानशीने सुरू होते. पोलादाचा तुकडा घासून चौकोनी करताना मायक्रोमीटरच्या एका रेघेचा अर्थ बोटांना कळतो. त्याच्या जोडीला गणित, पदार्थविज्ञान आणि रेखांकन असते. आज त्याच केंद्रात मेकॅट्रॉनिक्स व औद्योगिक स्वयंचलन शिकविले जाते. ज्याला आपण कारखान्यातील यंत्रमानव म्हणतो तो तरी दुसरे काय आहे? धातूचे सांधे, विद्युत-मोटारी, संवेदक आणि आज्ञावली यांचा तो मेळ आहे. ज्या संघटनेच्या पदरी हे केंद्र आहे तिनेच तेजस विमानाच्या वैमानिकासमोरील हेड-अप डिस्प्ले विकसित केला. कानस आणि संगणक यांत वैर नसते, हे येथे प्रत्यक्ष सिद्ध झाले आहे.

मुंबईतही असेच घडले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका गटाने १९६० साली टिफ्रॅक हा संगणक चालू केला. त्यांतील बहुतेकांनी त्यापूर्वी संगणक हाताळलेलाही नव्हता. कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था व जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून १९६६ साली दुसरा संगणक उभा केला. या तरुणांना भविष्यासाठी कोणी 'कौशल्यांची' शिदोरी बांधून दिली नव्हती. यंत्र घडविता घडविता ते यंत्र शिकले, आणि सार्वजनिक पैशाने त्यांना चुका करण्यास व त्या दुरुस्त करण्यास वेळ दिला.

येथून जवळच मोहाली आहे. तेथील सेमीकंडक्टर प्रयोगशाळेची कहाणी प्रत्येक विद्यार्थी कार्यकर्त्याला पाठ असली पाहिजे. अर्धवाहक चिप्स देशात बनविण्यासाठी सरकारी कंपनी काढण्याचा निर्णय १९७६ साली झाला आणि १९८४ साली पाच मायक्रॉनच्या तंत्राने मोहालीत उत्पादन सुरू झाले. परक्या कंपनीकडून घेतलेल्या त्या तंत्रावर समाधान न मानता तेथील अभियंत्यांनी काही वर्षांतच ०.८ मायक्रॉनपर्यंत मजल मारली. आज जगाला चिप्स पुरविणारी तैवानची टीएसएमसी स्थापन झाली ती १९८७ साली, म्हणजे मोहालीच्या तीन वर्षे मागून. ७ फेब्रुवारी १९८९ रोजी मोहालीच्या कारखान्यास आग लागली व तो बेचिराख झाला. आग कोठेही लागू शकते. परंतु आगीनंतर तो पुन्हा उभा करण्यास जी वर्षे गेली ती नव्वदीच्या दशकातील होती. सार्वजनिक क्षेत्र म्हणजे देशावरील ओझे, असे त्या काळात दिल्लीतील अर्थमंत्र्यांपासून वृत्तपत्रांच्या अग्रलेखांपर्यंत सर्वजण सांगत होते, आणि जी वस्तू परदेशातून विकत मिळते ती येथे कशाला बनवावी, असे विचारले जात होते. चिपच्या उद्योगात दहा वर्षे थांबणे म्हणजे शर्यतीतून बाहेर पडणे होय. २००६ साली ही संस्था अवकाश विभागाकडे गेली, २०२३ साली इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाकडे आली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तेथे बनविलेला विक्रम ३२०१ हा प्रोसेसर पंतप्रधानांच्या हाती देऊन मोठा समारंभ करण्यात आला. तो १८० नॅनोमीटरचा आहे, अवकाशयानांच्या कामाचा आहे, आणि तेथील कामगार-अभियंत्यांचे त्याबद्दल मनापासून अभिनंदन केले पाहिजे. तथापि, त्याच काळात साणंदला एका अमेरिकन कंपनीच्या चिप-जुळणी व तपासणी प्रकल्पाच्या खर्चापैकी सुमारे सत्तर टक्के रक्कम केंद्र व राज्य सरकारांनी उचलली आहे. ज्या तिजोरीला मोहालीसाठी पैसा नव्हता त्याच तिजोरीतून हा पैसा निघाला आहे.

विद्यार्थ्याच्या तयारीशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. ज्या देशात चिप बनत नाही, यंत्रमानवाचा सांधा बनत नाही, तेथे शाळेत यंत्रमानवशास्त्र शिकविणे म्हणजे समुद्र नसलेल्या गावी नावाडी तयार करणे होय. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स संघाच्या आकडेवारीनुसार २०२४ साली चीनमध्ये सुमारे २ लाख ९५ हजार औद्योगिक यंत्रमानव बसविले गेले. भारतात सुमारे ९,१००. आपल्याकडे शाळाशाळांतून रोबोटिक्सचे डबे वाटले जातात. डब्यातील मोटार आणि संवेदक कोठून येतात ते डब्यावरच छापलेले असते.

आता शासनाच्या तयारीकडे वळू. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९ साली नववीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय सुरू केला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावीपासून कोडिंग आणले. २०२६-२७ पासून हा विषय तिसरीपासून शिकविण्याची घोषणा २०२५ साली झाली. घोषणांना तोटा नाही. सरकारच्याच यूडायस माहितीनुसार २०२४-२५ साली देशातील सुमारे ६५ टक्के शाळांत संगणकाची सोय होती आणि सुमारे ६३ टक्के शाळांत इंटरनेट. म्हणजे तीनांपैकी एका शाळेत यंत्रच नाही. २०२४ च्या असर पाहणीने ग्रामीण भागातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा परिच्छेद नीट वाचता येत नाही असे दाखविले. या मुलांना तिसरीत कृत्रिम बुद्धिमत्ता कोण शिकविणार?

शिकविणाऱ्याची अवस्था पाहावयाची असेल तर पंजाबकडे पाहा. या राज्याच्या सरकारी शाळांत सहा हजारांहून अधिक संगणक शिक्षक आहेत. २०११ साली त्यांना नियमित केल्याचे जाहीर झाले, परंतु शिक्षण खात्यात न घेता एका सोसायटीच्या नावावर ठेवण्यात आले. खात्यात सामावून घ्या, सहाव्या वेतन आयोगाचा लाभ द्या, एवढ्या मागणीसाठी २०२४ साली त्यांना संगरूर येथे महिनोन् महिने आंदोलन करावे लागले, आणि डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत उपोषणाला बसावे लागले. पंजाबच्या खेड्यातील मुलाला संगणकाची कळ प्रथम ज्याने दाखविली त्या शिक्षकाला राज्याने ही वागणूक दिली. महाराष्ट्रात तर संगणक कक्षच 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या पद्धतीने खासगी कंपन्यांकडे सोपविले गेले. कराराची वर्षे संपली तेव्हा यंत्रे जुनी झालेली होती. ती शाळेकडे आली, आणि शिक्षक घरी गेला. ठेकेदाराच्या दृष्टीने तोही त्या कराराचाच एक सुटा भाग होता.

मध्यमवर्गीय पालकांच्या भीतीवर धंदा करणारेही याच काळात पुढे आले. सहा-सात वर्षांच्या मुलांना कोडिंग शिकवून कोट्यधीश करण्याच्या जाहिराती टाळेबंदीच्या वर्षात घरोघर पोचल्या होत्या. असल्या एका कंपनीला २०२० साली तीस कोटी डॉलर्स देऊन विकत घेणारी मोठी कंपनी २०२४ साली दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. शिक्षण-उद्योगाच्या महतीविषयी आणखी काही सांगण्याची गरज नाही.

एक आरोप आपल्यावर नेहमी होतो, आणि विद्यार्थ्यांत काम करताना तुम्हांला त्याला तोंड द्यावेच लागेल. कम्युनिस्टांनी संगणकाला विरोध केला, मग आज ते यंत्रमानवावर कोणत्या तोंडाने बोलतात, असे विचारले जाते. याला वस्तुस्थितीने उत्तर द्या. साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळातील कर्मचारी यंत्रांविरुद्ध उभे राहिले ते, ज्या देशात पदवीधर रोजगारासाठी वणवण करीत होते तेथे हजारो जागा एका फटक्यात नाहीशा करण्याच्या योजनेविरुद्ध. त्या लढ्यामुळेच प्रश्न सार्वजनिक झाला. शासनाला वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाविषयी समिती नेमावी लागली, तिचा अहवाल १९७२ साली आला. यंत्र आणण्यापूर्वी ते समाजाला हवे आहे का, असे विचारण्याची लाज त्या काळच्या सरकारला वाटत नव्हती. पुढे ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँक व्यवस्थापन व बँक कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला. किती यंत्रे, कोठे, कोणत्या कामासाठी. नोकरी कोणाचीही जाणार नाही. यंत्र चालविणाऱ्याला विशेष भत्ता मिळेल. हे सारे त्यात टेबलावर बसून ठरले. बँकांत संगणक आलाच, परंतु तो कारकुनाला रस्त्यावर टाकून आला नाही. यंत्राच्या आगमनाच्या अटी ठरविण्याचा अधिकार कामगारांनी वापरला, असे या कराराचे वर्णन करावे लागेल. आजच्या कोणत्या कंपनीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यापूर्वी असा करार होतो?

तुमच्यापैकी पुणे जिल्ह्यातील साथींना चाकणचा पट्टा माहीत आहे. मोटारगाड्या व दुचाकी यांच्या जुळणीत तेथे यंत्रमानव कामगारांच्या खांद्याला खांदा लावून उभे आहेत. जड वजन उचलणे, विषारी धुरात वेल्डिंग करणे, ही कामे यंत्राने केली तर त्याचे दुःख मानण्याचे कारण नाही. 'रोबो' हा शब्दच कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला, आणि त्याचे मूळ ज्या 'रोबोटा' या शब्दात आहे त्याचा अर्थ वेठ असा होतो. वेठ यंत्राने करावी, माणसाने करू नये, ही तर आपलीच मागणी आहे. प्रश्न उरतो तो वाचलेल्या श्रमाचा. तो आठ तासांचे सहा तास करण्यात जातो की कायम कामगाराच्या जागी ठेका कामगार आणि ठेका कामगाराच्या जागी शिकाऊ उमेदवार बसविण्यात जातो, हे यंत्र ठरवीत नाही. चाकणच्या रस्त्यावर सकाळी पाळी सुटताना उभे राहिले की आज याचे उत्तर कोणते आहे ते दिसते.

आणि येथेच आपल्या विद्यार्थ्याच्या शिक्षणातील सर्वांत मोठी पोकळी आहे. ज्या तंत्रसुधारणेमुळे कामगार-कपात होण्याचा संभव आहे तिची मालकाने २१ दिवस आधी सूचना दिली पाहिजे, अशी तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ व चौथ्या अनुसूचीत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पूर्वसूचना राहिली, परंतु कपातीस सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली गेली. आयटीआयमधील किंवा अभियांत्रिकीतील किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे? त्यांना यंत्रमानवाची आज्ञावली शिकविली जाते; तो यंत्रमानव ज्या दिवशी त्यांच्या विभागात येईल त्या दिवशी त्यांचा अधिकार काय, हे अभ्यासक्रमात नाही. संगणक-अभियंत्याची स्थिती तर अधिक केविलवाणी आहे. २०२५ च्या जुलैमध्ये टाटा कन्सल्टन्सीने सुमारे बारा हजार, म्हणजे आपल्या मनुष्यबळाच्या दोन टक्के, लोकांना कमी करण्याचे जाहीर केले. पुण्या-मुंबईच्या ज्या तरुणांनी आपण 'कामगार' नव्हे असे मानून नोकरीची वर्षे काढली, त्यांना आता कामगार आयुक्तांच्या कार्यालयाचा पत्ता शोधावा लागत आहे. त्यांना हिणवू नका. त्यांच्याकडे जा.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी गूढ निर्माण करण्यात कंपन्यांचा स्वार्थ आहे. म्हणून ती कशी चालते हे मुलाला सोप्या भाषेत सांगितले पाहिजे. भाषेचे हे यंत्र माणसांनी लिहिलेल्या प्रचंड मजकुरावरून एका शब्दामागून दुसरा कोणता येण्याचा संभव अधिक, हे मोजून शिकते. त्याची बुद्धी म्हणजे लक्षावधी माणसांच्या श्रमाचा साठा आहे. त्याच्या उत्तरांतील घाण वेगळी काढण्यासाठी केनियातील तरुणांना तासाला दोन डॉलरांहून कमी मोबदल्यावर किळसवाणा मजकूर वाचावा लागला, हे २०२३ साली उघड झाले. चित्रांना खुणा करण्याचे, आवाजाचे तुकडे लिहून काढण्याचे काम आपल्याकडील लहान गावांतही चालते. मार्क्सने १८५७-५८ च्या टिपणांत, समाजाचे साठलेले ज्ञानच यंत्रात उतरून उत्पादनशक्ती बनते, असे मांडले होते. ते आज जितके स्पष्ट दिसते तितके त्याच्या काळी दिसत नव्हते. सर्वांचे ज्ञान मूठभरांची मालमत्ता होते आहे. मराठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ज्या भाषेत शास्त्रीय लेखन थोडे, ती भाषा या यंत्राला कच्ची येते, आणि तिच्यातून शिकणाऱ्या मुलाला कच्चे उत्तर मिळते. विश्वकोश व परिभाषाकोश ही महाराष्ट्र राज्याने उभारलेली कामे म्हणूनच पुढे नेली पाहिजेत.

सकाळच्या सत्रात एका शिक्षिकेने विचारले: सरकार वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूहशाळेत विलीन करू पाहते, आम्ही गावची शाळा वाचवावी की यंत्रमानव शिकवावा? मी म्हणतो, या दोन लढाया नाहीत. पंधरा मुलांच्या वस्तीशाळेत हातोडी, कानस, मोजपट्टी, बॅटरी, तार आणि एक चालू संगणक असलेली कार्यशाळा मागा. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात शेतकऱ्याच्या मुलाला शेतीचे व व्यवहाराचे ज्ञान शाळेतून द्या असे मागितले होते. मार्क्सने १८६६ च्या जिनीव्हा काँग्रेससाठी बौद्धिक, शारीरिक व तांत्रिक अशा तिहेरी शिक्षणाचा आग्रह धरला, आणि सर्व धंद्यांची साधी हत्यारे मुलाने हाताळावीत असे सांगितले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांत मुले शेतात राबून शिकली. हे सारे आपल्या पदरी असताना एखाद्या परदेशी कंपनीने लिहून दिलेला तासाभराचा अभ्यासक्रम आपण कशासाठी डोक्यावर घ्यावा?

कामाचे बोलतो. परत गेल्यावर आपापल्या तालुक्यातील दहा शाळा व एक आयटीआय निवडा. संगणक किती, चालू किती, वीज किती तास, शिक्षक कायम की ठेक्यावर, त्याचा पगार कोण देतो आणि शेवटचा पगार कधी झाला, कार्यशाळेत कोणती हत्यारे आहेत, आणि शिकाऊ उमेदवार म्हणून मुले कोणत्या कारखान्यात पाठविली जातात, एवढे लिहून काढा. औद्योगिक पट्ट्यातील साथींनी गेल्या तीन वर्षांत आलेली नवी यंत्रे व त्यांबाबत संघटनेला पूर्वसूचना मिळाली की नाही, हेही नोंदवावे. शिक्षक, विद्यार्थी व कामगार आघाड्यांनी ही पाहणी मिळून करावी. एकट्या विद्यार्थ्यांवर टाकू नये. जिल्हावार तक्ते राज्य कार्यालयाकडे दोन महिन्यांत पोचले, तर विधिमंडळाच्या पुढील अधिवेशनापूर्वी निवेदन तयार करता येईल.